संगणकातले खिळे



या गावाचं नाव दोन तऱ्हांनी लिहितात. कुणी 'महाळुंगे' लिहितं, कुणी 'म्हाळुंगे'. क्रीडा संकुलाच्या पत्त्यात, दुकानांच्या पाट्यांवर, सोसायट्यांच्या कमानींवर दोन्ही सापडतात आणि कुणाचं काही अडत नाही. पोस्टमनला कळतं, रिक्षावाल्याला कळतं. संगणकाला तेवढं कळत नाही. त्याच्या लेखी पहिलं नाव म्हणजे आठ आकडे: २३५०, २३६१, २३६६, २३५५, २३६९, २३०६, २३२७, २३७५. म, ह, काना, ळ, उकार, अनुस्वार, ग आणि मात्रा. दुसरं नाव म्हणजे नऊ आकडे, कारण म आणि ह यांच्यामध्ये २३८१ क्रमांकाचा हलन्त येऊन बसतो. उच्चारात जे आखूड, तेच साठवणीत लांब. आसपासच्या गावांची यादी निव्वळ आकड्यांच्या क्रमानं लावली, तर 'महाळुंगे' माणच्या आधी येतं आणि 'म्हाळुंगे' मोशीच्याही खाली, म च्या पार तळाला जातं. उलट चाकणजवळचं महाळुंगे इंगळे, आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ आणि आपलं मुळशीतलं महाळुंगे ही तीन वेगळी गावं. पण पहिल्या आठ आकड्यांपुरती ती संगणकाला एकच.

आजचा विषय कोरियन लिपी संगणकात कशी बसवली हा आहे. मुळशी तालुक्यात बसून कोरियाच्या अक्षरांची चिंता कशाला, असं कुणाला वाटेल. तसा कोरिया आता लांब राहिलेला नाही. रांजणगावला एलजी आहे, तळेगावचा कारखाना ह्युंदाईनं घेतला, आणि घराघरातली मुलं कोरियन मालिका बघत जेवतात. पण मी हा विषय घेतला तो त्यासाठी नाही. अक्षर अख्खं ठेवायचं की त्याचे तुकडे ठेवायचे, हा प्रश्न कोरियात आणि आपल्याकडे एकाच दशकात आला, त्यांनी एक उत्तर दिलं, आपण दुसरं दिलं, आणि दोन्ही उत्तरांची किंमत आज आपल्या फोनमध्ये दिसते. शिवाय हा प्रश्न आपल्या छापखान्यांनी संगणकाच्या शंभर वर्षं आधी सोडवायला घेतला होता. समोर बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा पगार हिंजवडीतून येतो, त्यांना आकड्यांची भीती नसावी. बाकीच्यांनी आकडे कानाआड केले तरी चालेल.

आधी हंगुलबद्दल. राजा सेजोंगनं १४४३ मध्ये ही लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये प्रजेसाठी जाहीर केली. मूळ खुणा थोड्या, आज चौदा व्यंजनं आणि दहा स्वर. पण त्या रोमन अक्षरांसारख्या एकापुढे एक मांडत नाहीत. एका उच्चाराच्या सगळ्या खुणा एका चौकोनात रचतात: आधी व्यंजन, मग स्वर, आणि असलंच तर खाली शेवटचं व्यंजन. आपण 'अक्षर' म्हणतो ते आणि कोरियन चौकोन ही भावंडंच म्हणायला हरकत नाही. जोड व्यंजनं आणि जोड स्वर धरून चौकोनाच्या सुरुवातीला येऊ शकणारी व्यंजनं १९, मधले स्वर २१, आणि शेवटाच्या शक्यता २८, त्यातली एक म्हणजे 'शेवटी काहीच नाही'. गुणाकार करा: ११,१७२. आधुनिक कोरियन भाषेतला कुठलाही चौकोन या ११,१७२ च्या बाहेर असू शकत नाही. हा आकडा लक्षात ठेवा. आपल्या देवनागरीला असा आकडाच नाही, आणि पुढचं सगळं त्यावरून घडलं.

आता मधेच आपल्या छापखान्यात जाऊ. देवनागरीचे खिळे पाडायचे तर प्रत्येक अक्षराला काना, मात्रा, वेलांटी, उकार, त्यात जोडाक्षरं, त्यांना पुन्हा मात्रा. मुंबईच्या छापखान्यांत दोन पंथ झाले. एक 'अखंड' खिळ्यांचा, म्हणजे अक्षर पूर्ण स्वरूपात पाडायचं. दुसरा 'डिग्री'चा, म्हणजे अक्षर एका खिळ्यावर आणि वरच्या-खालच्या खुणा वेगळ्या खिळ्यांवर, जुळाऱ्यानं ते एकमेकांवर रचायचे. डिग्रीची पद्धत एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या अमेरिकन मिशन प्रेसमध्ये टॉमस ग्रॅहमनं आणली. त्याच छापखान्यात लहानपणी हात काळे करून शिकलेल्या जावजी दादाजींनी पुढे १८६४ मध्ये स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. निर्णयसागरची पोथी हातात घेतली की कळतं, जोडाक्षर दिसावं कसं याचा त्या लोकांनी किती विचार केला होता. जुळाऱ्याच्या पुढ्यात मात्र शेकडो घरांच्या केसा, आणि त्यातून हात न चुकता फिरला पाहिजे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोकमान्य टिळकांनी 'केसरी'साठी खिळ्यांची छाटणी केली आणि सुमारे १९० खिळ्यांचा संच बसवला. टिळक टाइप म्हणून तो ओळखला गेला. पुढे सावरकरांनी अ ची बाराखडी मांडली, तीही या छपाईच्या अडचणीतूनच. बापूराव नाईकांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा ग्रंथ ज्यांनी चाळला असेल त्यांना हा सगळा इतिहास ठाऊक आहे, त्यांची क्षमा मागून पुढे जातो.

कोरियात १९८० च्या दशकात हेच दोन पंथ संगणकात उभे राहिले. एका पंथाचं नाव वानसोंग: चौकोन पूर्ण घडवून ठेवायचा, प्रत्येकाला एक क्रमांक. हे आपले अखंड. दुसऱ्याचं नाव जोहाप: तुकडे ठेवायचे, जोडणी नंतर. ही आपली डिग्री. जोहापची रचना सुबक होती. सोळा बिटांतले पाच पहिल्या व्यंजनाला, पाच स्वराला, पाच शेवटच्या व्यंजनाला, आणि एक बिट हे सांगायला की 'इथे इंग्रजी नाही, कोरियन आहे'. या तीन कप्प्यांत ११,१७२ चौकोन आरामात मावतात.

पण सरकारी प्रमाण झालं ते वानसोंग. १९८७ चं केएस सी ५६०१ हे ते प्रमाण. कारण तांत्रिक होतं. इतर देशांच्या यंत्रणांशी जुळवून घ्यायचं तर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ९४ ओळी आणि ९४ रकाने एवढाच तक्ता मिळत होता, म्हणजे ८,८३६ घरं. ११,१७२ चौकोन त्यात बसतच नाहीत. शिवाय कोरियन लेखनात अजून चिनी अक्षरं येत होती, त्यांना ४,८८८ घरं दिली. चिन्हं, रोमन, जपानी अक्षरं यांना काही. उरली त्यात हंगुलचे २,३५० चौकोन निवडून बसवले. जे जास्त वापरात आहेत ते आत, बाकीचे ८,८२२ बाहेर.  

बाहेर राहिलेले चौकोन भाषेत नव्हते असं नाही. १९९० मध्ये एमबीसी वाहिनीवर एक मालिका आली, तिच्या नावातलं पहिलंच अक्षर 'ट्टोम' त्या २,३५० मध्ये नव्हतं. गावोगावी गाजणाऱ्या मालिकेचं नाव देशाच्या प्रमाणित संकेतात लिहिता येत नाही, अशी वेळ आली. ज्यांच्या नावात असं अक्षर, त्यांची पंचाईत वेगळीच. मालिकेचं नाव बदलता येतं, बापानं ठेवलेलं नाव कसं बदलणार? 'हंगुल' याच नावाचा एक शब्दलेखक १९८९ मध्ये कोरियन तरुणांनी काढला होता, त्यानं जोहापचा मार्ग धरला आणि तो लोकांनी डोक्यावर घेतला. १९९२ मध्ये सरकारनंही जोहापला प्रमाणाच्या परिशिष्टात जागा दिली. मग मायक्रोसॉफ्टनं विंडोज ९५ मध्ये तिसरीच वाट काढली: २,३५० जागच्या जागी ठेवले आणि उरलेले ८,८२२ मिळतील त्या मोकळ्या घरांत कोंबले. अक्षरं सगळी आली, पण अकारविल्हे क्रम गेला. यावर कोरियात बरीच बोंबाबोंब झाली.

आणि मग युनिकोड, जगभरच्या लिप्यांचा सामाईक तक्ता. ऑक्टोबर १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत तेच २,३५० चौकोन घेतले होते. १९९३ च्या आवृत्तीत भर घालून ६,६५६ केले. तेवढ्यानं समाधान होईना. शेवटी १९९६ मध्ये, दुसऱ्या आवृत्तीत, जे झालं ते त्यानंतर पुन्हा कधी होणार नाही: आधीचे सगळे ६,६५६ क्रमांक रद्द केले आणि पूर्णच्या पूर्ण ११,१७२ चौकोन नव्या जागी, ४४०३२ पासून ५५२०३ पर्यंत, सलग मांडले. जुन्या क्रमांकांनी लिहिलेला मजकूर निकामी झाला. त्या रिकाम्या जागेवर १९९९ मध्ये चिनी अक्षरं आली, म्हणजे त्या काळची एखादी फाईल कुणाकडे उरली असेल तर ती आज कोरियनऐवजी अगम्य चिनी दिसेल. युनिकोडच्या लोकांत हा प्रकार 'कोरियन गोंधळ' म्हणूनच ओळखला जातो. त्यातून त्यांनी नियम केला की एकदा दिलेला क्रमांक पुन्हा हलणार नाही आणि काढूनही घेतला जाणार नाही. पुढे उत्तर कोरियानं आपल्या वर्णक्रमाप्रमाणे अक्षरं लावून मागितली, कारण उत्तर आणि दक्षिणेचा वर्णक्रम एक नाही. त्यांना नाही म्हणून सांगण्यात आलं. आधी आला त्याची जागा पक्की.

नव्या मांडणीत एक गोष्ट मात्र देखणी जमली. चौकोनाचा क्रमांक पाठ करावा लागत नाही, तो हिशेबानं काढता येतो. आपल्या गावाचंच नाव घ्या. कोरियन लिपीत ते चार चौकोनांत बसतं: म, ह, लुंग, ग ला एकार. ळ त्यांच्याकडे नाही, ल वर भागवायचं. तिसरा चौकोन 'लुंग'. मोजणी शून्यापासून. ल हे पाचवं व्यंजन, उ हा तेरावा स्वर, शेवटचा ङ एकविसावा. पाच गुणिले २१, अधिक १३, झाले ११८. त्याला २८ नं गुणा, ३,३०४. अधिक २१, ३,३२५. त्यात ४४०३२ मिळवा, आला ४७३५७. हाच त्या चौकोनाचा युनिकोड क्रमांक. उलटा भागाकार केला की पुन्हा तुकडे हातात. म्हणजे अखंड खिळा ठेवला, पण त्याच्या पोटात डिग्री शाबूत राहिली. टिळकांना हे दाखवता आलं असतं तर त्यांनी नक्की गणित तपासून बघितलं असतं.

तुकड्यांनाही युनिकोडमध्ये वेगळे क्रमांक आहेत, आणि ते लागतात. सेजोंगच्या काळातले काही स्वर-व्यंजन आज वापरात नाहीत. ते ११,१७२ मध्ये बसत नाहीत, म्हणून जुन्या पोथ्या लिहायला तुकडेच जोडावे लागतात. दोन्ही पद्धती एकत्र नांदल्या की घोळही नांदतो. ॲपलच्या जुन्या संगणकात फाईलचं नाव तुकडे करून साठवलं जाई. तीच फाईल विंडोजवाल्याला पाठवली की त्याला चौकोनांऐवजी सुटी अक्षरं ओळीनं पसरलेली दिसत. कोरियन कचेऱ्यांत हा रोजचा वैताग होता.

आता पुण्यात येतो. देवनागरीला आठ बिटांचा संकेत हवा, म्हणजे २५६ घरं, त्यातली खालची १२८ इंग्रजीला गेलेली. उरल्या १२८ मध्ये अखंड पंथ शक्यच नव्हता. आणि समजा घरं हजारो असती तरी? कोरियन चौकोनाला बांध आहे, १९, २१, २८. आपल्या जोडाक्षराला बांध नाही. 'कार्त्स्न्य' शब्दात एका अक्षरात पाच व्यंजनं आहेत, आणि उद्या कुणी परदेशी नाव लिहायला बसला तर सहावं येईल. अशा लिपीची यादी करता येत नाही, फक्त कृती सांगता येते: हे व्यंजन, हलन्त, ते व्यंजन, मग स्वरचिन्ह. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं हे काम मोहन तांबे यांच्यासोबत पुण्याला, १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आलं. गणेशखिंडीत, म्हणजे इथून बाणेर ओलांडलं की जवळच. जिस्ट नावाचं त्यांचं कार्ड संगणकात बसवलं की पडद्यावर देवनागरी उमटे. भारतीय मानक संस्थेनं १९९१ मध्ये आयएस १३१९४ हे प्रमाण काढलं, त्याला आपण इस्की म्हणतो. त्यात एक धाडसी कल्पना होती: देवनागरी, बंगाली, गुजराती, तमिळ, सगळ्या ब्राह्मीकुळातल्या लिप्यांना एकच तक्ता. क म्हणजे क, लिपी कुठलीही असो. बटण दाबलं की तोच मजकूर दुसऱ्या लिपीत.

युनिकोडनं भारतीय लिप्यांसाठी इस्कीच घेतली, पण १९९१ ची नव्हे, त्याआधीची १९८८ ची. पुण्या-दिल्लीत प्रमाण अजून घासलं-पुसलं जात होतं, तोवर तिकडे पहिली आवृत्ती छापून झाली. आणि १९९६ च्या नियमानंतर जे छापलं ते छापलं.

तर आपल्याला कोरियासारखा त्रास झाला नाही. कुठलंही जोडाक्षर 'यादीत नाही' म्हणून कुणाचं नाव अडलं नाही. हे इस्की करणाऱ्यांचं मोठं श्रेय आहे आणि ते पुरेसं दिलं गेलेलं नाही, असं माझं मत आहे. पण तुकड्यांच्या पद्धतीची किंमत दुसरीकडे मोजावी लागते. संकेत फक्त कृती सांगतो. खरं जोडकाम फाँट आणि त्यामागची यंत्रणा करते. विंडोज २००० येईपर्यंत मायक्रोसॉफ्टच्या घरी ही यंत्रणाच नव्हती. ती आली तेव्हा तिच्याबरोबर मंगल हा फाँट आला, तो आपल्या र. कृ. जोशींनी केलेला. दरम्यानच्या दहा-बारा वर्षांत धंदा थांबला नव्हता. श्रीलिपी, सुरेख, शिवाजी, कृतिदेव असे फाँट घेऊन डीटीपीवाल्यांनी लग्नपत्रिकांपासून गौरवग्रंथांपर्यंत सगळं छापलं. हे फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेले देवनागरी खिळे. फाँट काढून घेतला की मजकुराचं चिरगूट. प्रत्येक फाँटचा नकाशा वेगळा. म्हणजे टिळकांच्या काळचे छापखाने पुन्हा अवतरले, फक्त शिशाशिवाय. आजही चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स बऱ्याचदा त्याच पद्धतीनं जुळतो, कारण पेजमेकरला देवनागरी युनिकोड कधी कळलंच नाही आणि पेजमेकर अजून मेलेलं नाही.

आता मूळ दुखण्याकडे. मराठीत र चं एक अर्धं रूप आहे जे हिंदीला लागत नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या'. पहिल्यात रफार, दुसऱ्यात य ला डावीकडून चिकटलेली ती बारीक वळणदार रेघ. 'आचार्यांना' बोलावलं तर प्रवचन होईल, 'आचाऱ्यांना' बोलावलं तर जेवण. वाऱ्यावर, ताऱ्यांत, सुऱ्या, न्हावऱ्याचा रस्ता, मराठी माणूस दिवसाला शंभरदा हे रूप लिहितो. पण र, हलन्त, य अशी कृती दिली की यंत्रणा रफारच काढणार, कारण हिंदीत आणि संस्कृतात तेच बरोबर. मग आपलं रूप काढायचं कसं?

इस्कीनं एक युक्ती केली होती. तमिळ-मल्याळममधला कठोर र दाखवायला देवनागरीत ऱ, म्हणजे खाली नुक्ता असलेला र ठेवला होता. मराठीत हे पूर्ण अक्षर कुणी लिहीत नाही. तेव्हा त्याचं अर्धं रूप मराठीला देऊन टाकलं. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीनं वेगळा रस्ता घेतला: नेहमीचा २३५२ क्रमांकाचा र, हलन्त, आणि मग ८२०५ क्रमांकाचा एक अदृश्य जोडक, जो यंत्रणेला म्हणतो की रफार करू नको, अर्धा ठेव. पुढे इस्कीचा मार्ग, म्हणजे २३५३ क्रमांकाचा ऱ आणि हलन्त, हा मुख्य ठरला, आणि अदृश्य जोडकाचा जुना म्हणून चालू राहिला. काढून टाकता येत नाही, नियम आहे ना.

परिणाम असा की पडद्यावर हुबेहूब सारखा दिसणारा 'दऱ्या' शब्द दोन वेगळ्या आकड्यांनी लिहिता येतो, आणि युनिकोडच्या नियमांनुसार ते दोन एकमेकांचे समान मानले जात नाहीत. कोरियन चौकोन आणि त्याचे तुकडे समान मानले जातात. त्यासाठी रूप एकसारखं करण्याची अधिकृत रीत आहे, आणि फाईलच्या नावाचा तो वैताग तिनं सुटतो. आपल्या ऱ ला ती रीत अर्धवटच लागू पडते: ऱ आणि 'र अधिक नुक्ता' समान आहेत, पण जोडकवालं रूप बाहेर. म्हणून एकानं एका रीतीनं भरलेलं 'गोऱ्हे' आडनाव दुसऱ्या रीतीनं शोधलं तर मिळेलच असं नाही. त्याहून वाईट म्हणजे तो जोडक अदृश्य असल्यामुळे अनेक प्रणाली त्याला कचरा समजून पुसून टाकतात. पुसला की उरतं र, हलन्त, य. डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्र होतो आणि कुठेही चूक दाखवली जात नाही.

ॲ चं प्रकरण त्यामानानं छोटं, पण वाचण्यासारखं. 'ॲप', 'ॲड.' लिहायला आपल्याला अ वर चंद्र लागतो. तक्त्यात जागा होती ती हिंदी वळणाच्या ऍ ला, ए वर चंद्र. मराठी वळणाला स्वतंत्र क्रमांक, २४१८, मिळाला तो २००८ साली, युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत. तोवर सतरा वर्षं मराठी माणसानं अ लिहून पुढे चंद्र जोडला. काही फाँटांत तो नीट दिसे, काहींत मधे ठिपक्यांचं वर्तुळ येई. आता नवा क्रमांक आहे आणि जुनी जोडणी 'वापरू नका' असं युनिकोडच सांगतं, पण दोन्ही समान धरत नाही. वकिलांच्या पाट्यांपासून बँकेच्या अर्जांपर्यंत दोन्ही प्रकार मिसळून आहेत. केंद्र सरकारनं २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड सक्तीचं केलं तेव्हा नेमकी हीच ५.१ आवृत्ती नोंदवली, हा आपल्या नशिबाचा भाग.

ल आणि श यांचं उलट. पाकळीचा ल आणि देठाचा श हे मराठी वळण. शासनाच्या वर्णमालेच्या निर्णयांतही त्यावर चर्चा झालेली आहे. पण मराठी ल आणि हिंदी ल यांचा क्रमांक एकच, २३५४. रूप ठरतं फाँटवर आणि मजकुरावर 'ही मराठी आहे' अशी खूण आहे की नाही यावर. फोनची भाषा हिंदी किंवा इंग्रजी ठेवलेल्यांना बहुधा हिंदी ल दिसतो. माझ्या मते हे बरोबरच झालं. आकाराला क्रमांक देत बसलं असतं तर 'लता' शब्दही दोन तऱ्हांनी साठला असता.

वजनाबद्दल दोन वाक्यं. यूटीएफ-८ या आजच्या रूढ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट, देवनागरीच्या प्रत्येक तुकड्याला तीन, कोरियन अख्ख्या चौकोनालाही तीनच. म्हणून 'महाळुंगे' आपल्या लिपीत २४ बाइट आणि कोरियन लिपीत १२. मोडीला तर दर खुणेला चार, कारण ती २०१४ मध्ये, सातव्या आवृत्तीत आली आणि तोवर पुढच्या खोल्या भरल्या होत्या. एसएमएसमध्ये इंग्रजीला १६० अक्षरं आणि मराठीला ७० तुकडे, हे तुम्ही भोगलंच आहे. बाकी आजकाल साठवण स्वस्त आहे, यावरून फार गळा काढण्यात अर्थ नाही.

गळा काढायचा तर मोजणीवरून काढा. 'क्ष' हे एक अक्षर की दोन? शाळेतलं पोर एक म्हणेल. कोरियन चौकोन तुकड्यांनी लिहिला असला तरी युनिकोडचे नियम त्याला पहिल्यापासून एक धरत आले. आपल्या जोडाक्षराला मात्र हलन्तापाशी तोडत होते, क् वेगळा, ष वेगळा. कर्सर मधे थांबे. जोडाक्षर एक धरण्याचा नियम २०२३ च्या सप्टेंबरात, १५.१ आवृत्तीत आला. निर्णयसागरच्या जुळाऱ्याला हे १८७० मध्ये माहीत होतं.

ळ चा क्रम हाही असाच. तक्त्यात ळ आहे ल नंतर आणि व च्या आधी, म्हणून आकड्यांच्या क्रमानं लावलेल्या यादीत 'माळ' आधी आणि 'मावळ' नंतर येतं. मराठी वर्णमालेत ळ ह च्या नंतर. क्रमांक हलणार नाहीत हे उघड आहे, आणि हलवायची गरजही नाही. मराठीचा क्रम वेगळा नोंदवून ठेवलेला आहे, प्रणाली करणाऱ्यानं तो मागून घ्यायचा एवढंच. हिंजवडीत दिवसभर इतर देशांच्या भाषांसाठी हे काम करणारे लोक इथे बसले आहेत. २०२१ मध्ये महाळुंगे महापालिकेत गेलं. ग्रामपंचायतीच्या नोंदी, मतदारयाद्या, मालमत्तेच्या नोंदी अशा वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या काळी भरलेली नावं कुठेही एकत्र आणायची झाली, की हे सगळे प्रश्न एका तक्त्यात समोर येतात.

यात करण्यासारखं काय, असं व्याख्यानानंतर विचारतात, म्हणून आधीच सांगतो. 'महाळुंगे' आणि 'म्हाळुंगे' हे संगणकाचं काम नाही, ते गावानं बसून ठरवायचं. ऱ आणि ॲ चं मात्र संगणकाचं आहे. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येक सरकारी प्रणालीनं मजकूर आत घेतानाच तो एका रूपात आणावा: २३०९ आणि २३७३ लागोपाठ आले की तिथे २४१८, २३५२, २३८१, ८२०५ असे ओळीनं आले की तिथे २३५३, २३८१. कोरियाला ६,६५६ अक्षरं उचलून दुसरीकडे न्यावी लागली, एवढा मोठा खटाटोप इथे नाही. संगणकाच्या कुठल्याही भाषेत हे दोन ओळींचं काम आहे. करताना क्रम तेवढा सांभाळा: आधी ही अदलाबदल, आणि मगच उरलेले अदृश्य जोडक पुसायचे असतील तर पुसा. उलट केलंत तर कुठल्या र ला रफार हवा होता आणि कुठल्याला नको होता, हे त्या फाईलमधून पुन्हा काढता येत नाही.